गॅरेजचे कोटिंग: डबा उघडण्याआधीच्या कामाची पारख

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला गॅरेज आधी फक्त गाडी ठेवायची जागा वाटते. दोन-तीन हिवाळे सरले की तिथे बर्फ उडवायचे यंत्र येते, मुलांच्या सायकली येतात, तांदळाची पोती, गणपतीच्या मखराचे खोके आणि महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाचे नेपथ्यही मुक्कामाला येते. मग कधीतरी खालच्या काँक्रीटकडे लक्ष जाते. तेलाचे काळे डाग, चाकांखाली मिठाचे पांढरट ओघळ, दाराजवळ उडालेले पोपडे. शेजाऱ्याच्या गॅरेजात मात्र राखाडी-निळ्या चिप्सची चकचकीत जमीन असते. त्यात टपालाच्या पेटीत एक पत्रक येऊन पडते: एका दिवसात फरशी, आयुष्यभराची हमी.

या पत्रकावरून कंत्राटदार निवडायचा नसतो. रंगांच्या नमुन्यांवरून तर नाहीच. गॅरेजचे कोटिंग बिघडते तेव्हा बहुतेकदा रसायन बिघडलेले नसते, रसायन आणि काँक्रीट यांची पकड सुटलेली असते. ती पकड जमते किंवा हुकते ती डबा उघडण्याआधीच्या काही तासांत. त्यामुळे घरमालकाला पारख करायची आहे ती याच तासांची. कंत्राटदार तेव्हा काय करतो, कोणत्या यंत्राने करतो आणि काय मोजतो, हे आधी कळले पाहिजे.

यातले मूळ रसायन मराठी घरांना अनोळखी नाही. इपॉक्सी रेझिनवर स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी 1930 आणि 40च्या दशकांत स्वतंत्रपणे काम केले. कास्तान यांच्या शोधाचे हक्क सिबा कंपनीने घेतले आणि 1946मध्ये बाजारात आले ते ‘अ‍ॅरल्डाइट’. दोन नळ्या, एकात रेझिन, दुसरीत हार्डनर. पिळून, कालवून फुटकी बरणी किंवा तुटलेला दांडा जोडायचा. या अ‍ॅरल्डाइटचा भारतातला व्यवसाय 2020मध्ये पिडिलाइटने विकत घेतला. गॅरेजच्या जमिनीवर ओततात ते त्याच कुळातले दोन भागांचे मिश्रण. अ‍ॅरल्डाइट लावताना ज्याने पृष्ठभाग घासून, पुसून, कोरडा केला नाही त्याचा सांधा सुटला, हा अनुभव पुष्कळांच्या गाठीशी आहे. चारशे चौरस फुटांच्या जमिनीलाही हाच नियम लागू पडतो, फक्त तिथे घासायला पॉलिश पेपर पुरत नाही.

काँक्रीट ओतून त्यावर यंत्राची थापी फिरवली की वरचा पृष्ठभाग घट्ट आणि गुळगुळीत होतो. पाणी वर येताना सिमेंटचे बारीक कण सोबत आणते आणि त्यांचा एक कमकुवत पापुद्रा वर राहतो. बिल्डरने काँक्रीट पिकताना ओलावा टिकावा म्हणून एखादे द्रव फवारलेले असू शकते, आधीच्या मालकाने सीलर मारलेला असू शकतो. या सगळ्यावर कोटिंग ओतले तर ते काँक्रीटला चिकटत नाही, या थरांना चिकटते, आणि पुढे त्यांच्यासकट निघून येते. घरबसल्या करता येण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. जमिनीवर दोन-चार ठिकाणी थोडे पाणी टाकावे. ते लगेच शोषले जाऊन गडद डाग पडला तर छिद्रे उघडी आहेत. थेंब तसाच मोत्यासारखा उभा राहिला तर मध्ये तेल किंवा सीलर आहे.

म्हणून कंत्राटदाराला विचारायचा पहिला प्रश्न रंगाचा नसून यंत्राचा असावा. जमीन कशाने तयार करणार? उत्तर ‘अ‍ॅसिडने’ असे आले तर संभाषण तिथेच आवरते घेतलेले बरे. म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, ओतून धुणे स्वस्त आहे. पण तेलाच्या आणि सीलरच्या डागांवर आम्लाचा परिणाम होत नाही, नीट धुतले नाही तर क्षार मागे उरतात आणि जी जमीन कोरडी हवी तिच्यातच भरपूर पाणी मुरते. योग्य उत्तरे दोन आहेत: हिऱ्याचे कण बसवलेल्या चकत्यांचे ग्राइंडर, किंवा पोलादी छऱ्यांचा मारा करणारे शॉटब्लास्ट यंत्र. यांनी जमिनीला येणारा खरखरीतपणा मोजायला अमेरिकेत ‘इंटरनॅशनल काँक्रीट रिपेअर इन्स्टिट्यूट’ची मोजपट्टी आहे. तिला सीएसपी म्हणतात. 1पासून 10पर्यंत पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीचा रबरी नमुना हाताने चाचपून जमिनीशी ताडून पाहता येतो. आम्लाने जेमतेम पहिली पायरी गाठली जाते. घरगुती गॅरेजच्या कोटिंगला साधारण 2 ते 3 लागते. ‘तुम्ही कितीचा सीएसपी धरता?’ या प्रश्नावर जो माणूस अडखळत नाही त्याने हे काम शिकून केलेले असते.

ग्राइंडिंगची धूळ हा वेगळा विषय आहे आणि तो केवळ घर स्वच्छ ठेवण्यापुरता नाही. काँक्रीटमध्ये वाळू असते, वाळूत सिलिका. तिची बारीक धूळ फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस होतो, आणि झालेली हानी भरून येत नाही. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने बांधकामासाठी केलेल्या नियमानुसार आठ तासांच्या पाळीत हवेतल्या अशा सिलिकेचे सरासरी प्रमाण घनमीटरला 50 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. या नियमाची अंमलबजावणी सप्टेंबर 2017पासून सुरू झाली. ग्राइंडरला झाकण आणि त्याला जोडलेला जोरकस व्हॅक्यूम, ही त्यासाठीची नेहमीची व्यवस्था. जो कंत्राटदार आपल्या कामगारांना धुळीच्या ढगात उघड्या नाकाने उभे करतो त्याला काम देऊ नये. कोटिंग कितीही चांगले करत असला तरी देऊ नये.

आता ओल. इथे थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक बिघाडांचे मूळ इथे सापडते आणि बहुतेक कोटेशनांत तिचा उल्लेखही नसतो.

गॅरेजची जमीन साधारण चार इंच जाडीची, थेट मातीवर टेकलेली असते. खाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला असेल तर ठीक. जुन्या घरांत तो अनेकदा नसतो किंवा फाटलेला असतो. मातीतली वाफ काँक्रीटच्या छिद्रांतून सतत वर येत असते. उघड्या जमिनीवर ती हवेत निघून जाते, कोणाला कळतही नाही. वर न पाझरणारा थर घातला की ती त्याच्याखाली अडते, क्षार आणते, पकड सैल करते आणि सहा महिन्यांनी, वर्षाने फुगे दिसू लागतात. वरून कोरडी ठाक दिसणारी जमीन आतून ओली असू शकते, म्हणून डोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही, मोजावेच लागते.

मोजण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत. सर्वांत सोपी जुनी पद्धत: अठरा इंची पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान सोळा तास ठेवायचा आणि खाली दव जमले का, काँक्रीट काळवंडले का ते पाहायचे. ही चाचणी घरमालक स्वतः करू शकतो. पण ती ओल दाखवते, मोजत नाही, आणि तिथे दव दिसले नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. कॅल्शियम क्लोराइडच्या चाचणीत बंद घुमटाखाली ठेवलेल्या क्षाराने किती वाफ शोषली ते वजनावरून काढतात. हजार चौरस फुटांमागे 24 तासांत तीन पौंड ही त्यातली अनेक वर्षे रूढ असलेली मर्यादा. तिसरी आणि अधिक भरवशाची पद्धत म्हणजे जमिनीत भोक पाडून, जाडीच्या 40 टक्के खोलीवर आर्द्रतामापक बसवून चोवीस तासांनी आकडा वाचणे. चार इंचांच्या जमिनीत ही खोली दीड इंचाहून थोडी जास्त भरते. रसायनाचा प्रत्येक जबाबदार उत्पादक आपल्या तांत्रिक पत्रकात चालण्याजोगी मर्यादा छापतो. मोजलेला आकडा तिच्यावर गेला तर उपायही आहे: ओल रोखणारा दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर आधी घालायचा. त्याचा खर्च वाढतो. तो वाढीव खर्च आधी सांगणारा कंत्राटदार महाग वाटतो आणि न सांगणारा स्वस्त, एवढ्यावरून निवड झाली की वर्षभरात दोन्ही खर्च पदरी पडतात.

नव्या घराच्या बाबतीत सबुरी हवी. काँक्रीटची ताकद 28 दिवसांच्या वयावर मोजतात, म्हणून ‘28 दिवस झाले, करा कोटिंग’ असे सर्रास म्हटले जाते. ताकद येणे आणि कोरडे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 28 दिवस झाले तरी आकडा घ्यायचाच.

दुसरी पारख गणिताची, आणि ती कोणालाही जमते. एक लिटर द्रव एक चौरस मीटरवर पसरले तर थर एक मिलिमीटरचा होतो. दोन गाड्यांचे गॅरेज बहुधा 20 बाय 20 फुटांचे, म्हणजे 400 चौरस फूट, सुमारे 37 चौरस मीटर. त्यावर पाव मिलिमीटरचा, अमेरिकी मापात 10 मिलचा थर हवा असेल तर सव्वानऊ-साडेनऊ लिटर, म्हणजे अडीच गॅलन माल लागतो. हा हिशोब झाला शंभर टक्के घन मालाचा, ज्यातून सुकताना काही उडून जात नाही. डब्यात निम्मे पाणी किंवा द्रावक असेल तर तेवढ्याच थराला पाच गॅलन लागतील. दुकानातून आणलेला पाणीमिश्रित एक गॅलनचा डबा निम्मा घन असेल आणि 250 चौरस फुटांवर फिरवला तर मागे उरतो तो 80 मायक्रॉनचा थर, डोक्याच्या केसाच्या जाडीइतका. त्यावर दोन टनांची गाडी रोज उभी राहणार. कोटेशनमध्ये प्रत्येक थराचे नाव, घन पदार्थाचे प्रमाण आणि सुकल्यानंतरची जाडी लिहून मागावी, आणि कामाच्या दिवशी उघडलेले डबे मोजावेत. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. ‘आम्ही तीन थर देतो’ या वाक्याला जाडीवाचून काहीच अर्थ नाही.

रसायनांची नावे ऐकून गोंधळायचे कारण नाही. इपॉक्सी सावकाश पिकते, त्यामुळे तिला काँक्रीटच्या छिद्रांत उतरायला वेळ मिळतो आणि पकड छान बसते. पण सूर्यप्रकाशात ती पिवळी पडते. गॅरेजचे दार दिवसभर उघडे राहत असेल तर दाराजवळचा पट्टा आधी बदलतो. पॉलिअ‍ॅस्पार्टिक हे पॉलियुरियाच्या कुळातले, बायर कंपनीच्या प्रयोगशाळांतून 1990च्या दशकात पुढे आलेले रसायन. ते उन्हाला दाद देत नाही, काही तासांत पावलाखाली टिकते आणि साधारण दुसऱ्या दिवशी गाडी उभी करता येते. इपॉक्सीवर त्यासाठी कित्येक दिवस थांबावे लागते. ‘एका दिवसात फरशी’ शक्य होते ती याच्यामुळे. मात्र कालवल्यावर ते पसरायला थोडीच मिनिटे मिळतात, हात बसलेला गट नसेल तर सांधे आणि ओघळ दिसतात, आणि झटपट घट्ट होत असल्याने छिद्रांत मुरायला वेळही कमी मिळतो. म्हणून खाली इपॉक्सीचा थर, त्यावर चिप्स, त्यावर पॉलिअ‍ॅस्पार्टिक ही मांडणी घरगुती गॅरेजसाठी सर्वांत समंजस वाटते. तिला दोन दिवस लागतात. ते दोन दिवस देणाऱ्याला झुकते माप द्यावे.

एका दिवसाचे काम वाईटच असते असे नाही. ग्राइंडिंग, भेगा भरणे आणि ओलीची मोजणी यांना कात्री लावून तो दिवस साधलेला नाही ना, एवढे पाहावे. ओलीच्या मापकाला चोवीस तास लागतात, तेव्हा एका दिवसात काम उरकणाऱ्याने आदल्या भेटीत मोजणी केलेली असली पाहिजे.

प्रदेशागणिक प्रश्न बदलतात. न्यू जर्सी, ओहायो, मिनेसोटात गाडीच्या चाकांतून बर्फ आणि रस्त्यावरचे मीठ आत येते. काँक्रीट हे खारे पाणी पिते, गोठण-वितळण चालू राहते आणि वरचा थर खवल्यांसारखा सुटतो. तिथे कोटिंगआधी खराब झालेला भाग खरवडून पुन्हा भरावा लागतो, आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर पाय घसरू नये म्हणून वरच्या थरात खरखरीत कण मिसळून घ्यावे लागतात. डॅलस परिसरात माती चिकणी आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिथल्या जमिनींना पडलेली भेग पुढेही हलत राहते. अशी भेग कडक मालाने भरून वर कोटिंग केले तर ती पुन्हा त्याच रेषेत उमटते, आणि हे प्रामाणिक कंत्राटदार आधीच सांगतो. टेक्सासच्या उन्हात लांब प्रवास करून आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात. टायरमधली तेलकट द्रव्ये पातळ, कमजोर थराला मऊ करतात आणि टायर थंड होऊन आक्रसताना तो थर उचलून नेतात. याला तिकडे ‘हॉट टायर पिकअप’ म्हणतात. कंत्राटदाराच्या हमीपत्रात हे शब्द शोधावेत: हमीच्या आत आहेत की अपवादांत?

हवामानाचाही हिशोब असतो. जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश सेल्सियसने जास्त हवे, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा ओलावा थराखाली राहतो. सकाळी जमीन तापत असताना कोटिंग केले तर छिद्रांतली हवा प्रसरण पावून वर येते आणि बारीक फोड उठतात. ऊन उतरणीला लागल्यावर ते टळते. थर्मामीटर आणि दवबिंदूचा तक्ता गाडीत बाळगणारा माणूस दिसला तर त्याचा नंबर जपून ठेवावा.

आता माणसाकडे आणि कागदाकडे. अमेरिकेत कंत्राटदाराच्या परवान्याचा एकच देशव्यापी नियम नाही. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025पासून हजार डॉलर आणि त्याहून मोठ्या कामाला राज्याचा परवाना लागतो, आणि घरदुरुस्तीच्या करारात आगाऊ रक्कम एक हजार डॉलर किंवा कराराच्या 10 टक्के, यांतली जी कमी असेल तिच्यापुढे घेता येत नाही. न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराला राज्याच्या ग्राहक खात्याकडे नोंदणी करावी लागते आणि 500 डॉलरवरचा करार लेखीच हवा. टेक्सासमध्ये अशा सर्वसाधारण कंत्राटदारासाठी राज्याचा परवानाच नाही, त्यामुळे तिथे विम्याचा दाखला आणि जुनी कामे यांवरच भर द्यावा लागतो. विम्याचा दाखला कंत्राटदाराच्या फोनवरच्या फोटोत पाहू नये. तो विमा कंपनीकडून किंवा एजंटकडून थेट मागवावा, आणि त्यात कामगारांच्या भरपाईचा विमा आहे का ते वाचावे.

विक्रेता घरी येऊन, टेबलावर टॅब्लेट ठेवून ‘आजच सही केलीत तर इतकी सूट’ म्हणतो तेव्हा एक केंद्रीय नियम घरमालकाच्या बाजूने उभा असतो. फेडरल ट्रेड कमिशनच्या ‘कूलिंग ऑफ’ नियमानुसार घरी झालेली 25 डॉलर वा त्यापुढची विक्री सहसा तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येते, आणि रद्द करण्याचा अर्ज विक्रेत्यानेच द्यायचा असतो. सगळा व्यवहार फोनवर किंवा इंटरनेटवर झाला असेल तर हे संरक्षण मिळत नाही. भारतातून नव्याने गेलेल्या अनेकांना हा हक्क ठाऊक नसतो आणि सही केली म्हणजे अडकलो असे वाटते. तसे नाही.

विक्री करणारा आणि जमीन घासणारा हे एकच असतील असेही नाही. मोठ्या नावाखाली पोटकंत्राटदाराचा गट येऊ शकतो. तेव्हा ‘माझ्या घरी कोण येणार, ते तुमच्या पगारावर आहेत का, मुख्य कारागीर किती वर्षे हे करतो आहे’ असे सरळ विचारावे. जुनी कामे पाहताना गेल्या महिन्यातली नकोत. तीन-चार हिवाळे सोसलेली दोन गॅरेजे दाखवा म्हणावे आणि तिथे चाकांच्या जागा, सांधे आणि दाराखालची कड पाहावी. पोपडे सुटतात ते बहुतेकदा तिथून. महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतून असे गॅरेज प्रत्यक्ष पाहायला मिळत असेल तर इंटरनेटवरच्या तारकांपेक्षा ते कितीतरी उपयोगी.

आयुष्यभराच्या हमीबद्दल एवढेच सांगावेसे वाटते की ती वाचावी. जमिनीतून आलेली ओल, भेगा आणि टायरचे नुकसान हे तिन्ही अपवादांत टाकले असतील तर हमीत उरते ते फार थोडे. नीट लिहिलेली पाच वर्षांची हमी, जिच्यात पोपडा सुटल्यास ग्राइंडिंगसह पुन्हा काम करून देण्याचे कबूल केलेले आहे, ती जास्त मोलाची.

हे सारे फक्त अमेरिकेतल्या घरांपुरते नाही. चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत इपॉक्सीच्या जमिनी जुन्या आहेत, आणि आता पुण्या-मुंबईच्या सोसायट्या पार्किंगला तेच कोटिंग करून घेतात. तळघरातल्या पार्किंगला तर बाजूच्या जमिनीतल्या पाण्याचाही दाब असतो, आणि बहुतेक मालाची पत्रके 85 टक्क्यांपेक्षा जास्त आर्द्रतेत काम करू नका असे सांगतात. मुंबईच्या जुलैत ही अट पाळणे जवळपास अशक्य. सोसायटीच्या समितीने हे काम हिवाळ्यात काढावे, निविदेत ग्राइंडिंग, ओलीची मोजणी आणि सुकलेल्या थराची जाडी या तिन्ही गोष्टी लिहाव्यात आणि काही टक्के रक्कम पुढचा पावसाळा संपेपर्यंत रोखून ठेवावी.

अमेरिकेतल्या घरमालकाने शेवटच्या हप्त्याआधी आणखी एक कागद मागावा. कंत्राटदाराने माल पुरवणाऱ्याचे किंवा पोटकंत्राटदाराचे पैसे थकवले तर तो तिसरा माणूस घरावर बोजा चढवू शकतो, मालकाने कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिलेले असले तरीही. याला मेकॅनिक्स लीन म्हणतात, आणि तो हक्क सोडल्याचे लेखी पत्र म्हणजे लीन वेव्हर. डब्यांवरचे बॅच क्रमांक फोटोत घ्यावेत, ओलीचे आकडे, मालाची तांत्रिक पत्रके आणि सही केलेली हमी एकत्र ठेवावी. हे सगळे आणि लीन वेव्हर हातात आल्याशिवाय शेवटचा चेक लिहू नये.